रुमालाखालचे आकडे

नाना गेल्याचं मला रोह्याच्या दुकानात फोनवर कळलं. फोन काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. मी "अरेरे" म्हटलं आणि हातातली लग्नपत्रिका पुरी केली. पेणला शोकसभा झाली, तिथे एकेक जण उठून "ज्ञानाचा सागर आटला" म्हणत होता. कसला डोंबलाचा सागर! थेंबभर कुणाला दिला असेल तर शपथ. मलाही बोलायला सांगितलं, मी नाही म्हटलं. तेव्हा गिळलं ते आता लिहिते...

पेणला नानांच्या टायपिंगच्या दुकानात मी तीन वर्षं काम केलं. कॉम्प्युटर तेव्हा गावात मोजकेच, त्यामुळे नानांचा तोरा विचारू नका. डोलवीच्या कारखान्याचे ठेकेदार कागद आणायचे, त्यात तापमानाच्या अंशाचा बारीक गोल, अधिक-उणे, पाइपाच्या व्यासाचा रेघ मारलेला गोल. या खुणा कीबोर्डवर कुठेच नसतात. डाव्या हाताने ऑल्टचं बटण दाबून धरायचं, उजव्या हाताने बाजूच्या आकड्यांतले ठरलेले चार दाबायचे, की खूण उमटते. ते आकडे म्हणजे नानांची इस्टेट. खूण आली की नाना खिशातून रुमाल काढत, उजव्या हातावर पसरत आणि मला म्हणत, "सुलभा गो, चहा सांग जा." मी परत येईपर्यंत काम उरकलेलं. आकड्यांचा कागद खणात, खणाला कुलूप, किल्ली करदोट्याला. एकदा विचारलंच, तर म्हणाले, "तुला शिकवलं तर माझ्याकडे कोण येल?" एवढा खरेपणा मात्र होता.

लग्न होऊन मी रोह्याला आले आणि स्वतःचं दुकान टाकलं. पहिलं मोठं काम एका केमिकल कंपनीचं, गोडाऊनच्या दारांवर लावायचे फलक. तापमान चाळीस अंशांच्या वर जाऊ देऊ नये, असा मजकूर. कंपनीला अंशाची खूणच हवी होती, ती कुठून आणू? मी चाळीसपुढे छोटंसं शून्य टाकून वर उचललं. स्क्रीनवर झकास दिसलं. फ्लॉपी छापणाऱ्याच्या मशीनमध्ये गेली आणि ते शून्य खाली उतरून चांगलं मोठं होऊन बसलं. दारावर लागलं, चारशे!

माझा भाऊ दिनेश त्याच गोडाऊनला शिफ्टवर. धापा टाकत दुकानात आला. "ताई, चारशे लिवलंस? चारशेची वाट बघत बसलो तर आम्ही उरतोय काय?" फलक त्याने उतरवून आणला होता, पण साहेबांनी बजावलं होतं, उद्या बरोबर फलक आले नाहीत तर काम पेणला नानांकडे.

मी नानांना फोन केला. "चारच आकडे आहेत नाना, सांगा ना."

"फोनवर नाय सांगत. हिकडं ये."

गेले. वडखळला एस.टी. तासभर अडकली, तरी गेले. नानांनी रुमाल काढला. "चहा सांग जा."

"नाही सांगणार. माझा भाऊ आहे तिथे, नाना."

ते शांतपणे उठले, खणाचं कुलूप ओढून बघितलं आणि स्वतःच चहा सांगायला निघून गेले. हलकट माणूस! मेलेल्याला असं म्हणू नये म्हणतात. मी म्हणते.

परत येऊन मी फलक पुन्हा छापून घेतले, चाळीसपुढे मोकळी जागा सोडून, आणि काळ्या स्केचपेनने एकेका फलकावर हाताने गोल काढला. काम टिकलं. नानांची पायरी मी पुन्हा चढले नाही.

शोकसभेनंतर काकूंनी खण उघडून तो कागद माझ्या हातात ठेवला. "तुझ्याच कामाचा गो." पिवळा पडलेला. त्यावर किती खुणा असतील? चार. अंशापुढे ०१७६, आणि त्याखाली तीन ओळी. बस्स! एवढ्यावर हा माणूस पेणचा राजा होऊन बसला होता, आणि एवढ्यासाठी मी तीन वर्षं चहा सांगत होते. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

कागद मी दुकानाच्या भिंतीला चिकटवला, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा. परवा एक ठेकेदार शेजारी उभा राहून काम करून घेत होता. मजकुरात अंशाची खूण आली.

"वयनी," तो म्हणाला, "आकडं तर भिंतीवर लिवलंत. मग हात पदराखाली कशाला?"

मी खाली बघितलं. उजवा हात खरंच पदराखाली होता.