बाहेर की थांबा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही — ती वारली, तिला सांगायचं राहूनच गेलं. मुलीला नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं तो माझ्या घरापासून रिक्षानं पाऊण तासावर राहतो — त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतोय. यातसुद्धा भित्रेपणा आहे. कळतंय मला.

आधी मी कोण, ते सांगतो. साताऱ्याकडच्या एका लहान गावातून अठराव्या वर्षी नौदलात गेलो. वीस वर्षं जहाजाच्या पोटात, इंजिन रूममध्ये काढली. मेकॅनिक म्हणून शिरलो, चीफ होऊन बाहेर पडलो. मग अंबरनाथ पूर्वेला घर घेतलं आणि मुंबईच्या गोदीत जहाजदुरुस्ती करणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागलो. हाताखाली सात-आठ फिटर, सगळे आपल्याच पट्ट्यातले — उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. तेही मला चीफच म्हणायचे. मला ते आवडायचं. का नाही आवडणार?

माझं नाव होतं ते कानासाठी. चालू इंजिनाला लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाशी धरायची, आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचं. माणसं बघत उभी राहायची. पण शेवटची काही वर्षं मी ते कानानं ओळखतच नव्हतो. हाताला आणि जबड्याला जी थरथर लागायची, तिच्यावरून सांगायचो. कान केव्हाच गेले होते.

पूर्ण नव्हते गेले. हेच अवघड असतं बघा. आवाज यायचा, शब्द यायचा नाही. समोरच्याचं तोंड दिसत असलं की कळायचं. त्यानं पाठ वळवली की संपलं. घरी टीव्ही मोठा लावायचो आणि बायकोला म्हणायचो, तू हळू बोलतेस. गोदीत वर्षातून एकदा तपासणी व्हायची — काचेच्या खोलीत बसवायचे, कानाला हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून तपासणाऱ्याचा खांदा दिसायचा. तो आवाज सोडताना खांदा जरासा हलायचा. मी खांदा बघून बटण दाबायचो. दरवर्षी पास.

आता तुम्ही विचाराल, सांगून का नाही टाकलं? वर्कशॉपमध्ये बसवलं असतं, इतकंच. टेबलावर, कागद लिहायला. मला ते नको होतं. मला खाली उतरायचं होतं, माणसांच्या पुढे. दुसरं कारण नाही.

हरेश भोईर माझ्या हाताखालचा सगळ्यात चांगला फिटर. बदलापूरजवळच्या जांभूळचा, शेतकऱ्याच्या घरचा. धडधाकट गडी, कमी बोलणारा, आणि हात असा की बोल्ट किती आवळलाय ते त्याला मनगटाला कळायचं. सहा वर्षं होता माझ्याबरोबर. त्याच्या लग्नात मी पहिल्या पंगतीला बसलो होतो.

त्या दिवशी आम्ही एका मालवाहू जहाजाच्या जनरेटरच्या इंजिनावर होतो. बेअरिंग बदलून झालं होतं. अशा वेळी काय करतात, एकजण बाजूचं झाकण काढून आत हात घालतो, बेअरिंग चाचपतो. दुसरा पलीकडच्या टोकाला पहारीनं शाफ्ट थोडा फिरवतो. मग पहिला पुन्हा चाचपतो. शाफ्ट फिरत असताना हात आत राहिला तर उरत नाही. म्हणून मी एक शिस्त लावली होती, नौदलातली. फिरवणाऱ्यानं विचारायचं — ‘हात?’ आतल्यानं उत्तर द्यायचं — ‘बाहेर’, नाहीतर ‘थांबा’. उत्तर ऐकल्याशिवाय पहारीला हात लावायचा नाही. नीट ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारायचं. हे नियम माझे. ते दोन शब्दही मीच ठरवलेले.

पहारीवर मी होतो. हरेश पलीकडे, झाकणापाशी. मध्ये अख्खं इंजिन, त्याचं तोंड मला दिसत नव्हतं. पंखा घोंगावत होता, वरच्या डेकवर गंज खरवडायचं काम चाललं होतं. बाकीची माणसं जेवायला वर गेली होती. दोनदा नीट झालं. तिसऱ्यांदा मी ओरडलो, ‘हात?’

उत्तर आलं. मला ‘बा’ ऐकू आलं.

फक्त ‘बा’. पुढचं-मागचं काही नाही. दोन्ही शब्दांत ‘बा’ आहे — आहे ना? मला माहीत होतं की मला कळलेलं नाही. हे मी आज, इतक्या वर्षांनी, सारवासारव न करता लिहितोय. अंदाज चुकला, असं झालेलं नाही. मला ऐकू आलं नव्हतं आणि ते मला माहीत होतं. पुन्हा विचारायला दोन सेकंद लागले असते. पण सकाळपासून चार-पाचदा मी ‘काय?’ ‘काय?’ केलं होतं आणि सगळे हसले होते. हरेशही हसला होता. ‘चीफ, कान साफ करा की,’ म्हणाला होता.

मी पहार दाबली.

त्याचा ओरडा मात्र मला नीट ऐकू आला. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेलो. तो गुंगीत होता, त्याला काही धड आठवत नव्हतं. त्याची बायको सुनंदा उशाशी बसली होती. त्यानं मला विचारलं, ‘चीफ, काय झालं? मी काय बोललो होतो?’

त्याला खरंच माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, ‘तू बाहेर बोललास, हरेश.’

तो छताकडे बघत म्हणाला, ‘बोललो असेन. तुम्ही सांगताय म्हणजे बोललोच असेन.’

चौकशीत मी तेच सांगितलं. हरेशनंही तेच सांगितलं — माझंच वाक्य, माझ्याच शब्दांत. कामगाराची स्वतःची चूक, असं कागदावर आलं. त्याची नोकरी गेली. माझ्यावरचा विश्वास वाढला. आणखी माणसं हाताखाली दिली.

पुढं त्यानं काय काय केलं ते मला सगळं ठाऊक आहे, कारण मी त्याच्याकडे जाणं सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं का? अंबरनाथजवळ पालेगावात शेतं जाऊन टॉवर उठत होते, तिथं त्याला वॉचमनचं काम मिळालं — ओळखीनं मीच मिळवून दिलं. सुनंदा मला भाऊ म्हणायला लागली. भाऊबीजेला ओवाळते मला. आणि नवऱ्याला दर भांडणात ऐकवते, ‘स्वतःच्या तोंडानं बाहेर बोललास आणि संसार घालवलास.’ माझ्यासमोर ऐकवते. तो ऐकून घेतो. मी समोरचा चहा पितो.

अजून एक आहे.

रिटायर झाल्यावर मला एका आयटीआयमध्ये सुरक्षेवर बोलायला बोलावू लागले. मी हरेशला बरोबर न्यायचो. माझं बोलून झालं की तो उठायचा, उजवा हात वर धरायचा आणि म्हणायचा, ‘मी न बघता बाहेर बोललो. तुम्ही असं करू नका.’ पोरं टाळ्या वाजवायची. चार-पाच वेळा केलं आम्ही हे. पहिल्यांदा त्याला नेलं तेव्हा त्याची मान खाली होती. मी पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, ‘चूक मान्य करायला मोठं काळीज लागतं.’ हे मी म्हटलं. मी.

यंदा मुलीनं जबरदस्तीनं उल्हासनगर कॅम्प एकला नेलं, कानाच्या मशीनसाठी. दुकानातल्या सिंधी बाईंनी तपासलं, आलेख बघितला. ‘अंकल, ये उमर का नहीं है,’ म्हणाल्या. ‘ये मशीन के आवाज का है. बीस-पच्चीस साल पुराना होगा. आपने किसी को बताया नहीं?’ मुलगी माझ्याकडे बघत होती. मी खिशात चष्मा शोधत राहिलो.

मशीन बसवल्यावर पहिल्यांदा जांभूळला गेलो ती दुपार. हरेशनं कानातलं मशीन बघितलं आणि काळजीनं विचारलं, ‘हे कधीपासून, चीफ?’

‘आत्ताच,’ मी म्हटलं. ‘वय झालं.’

बघा, तोच क्षण होता. तो स्वतः विचारत होता. दुसरं कोणी नव्हतं. आणि मी पुन्हा खोटं बोललो — विचारसुद्धा करावा लागला नाही.

मी ओसरीवर बसलो, तो चहा आणायला आत गेला. सुनंदा आत काहीतरी पुटपुटत होती. त्या घरात सगळ्यांना सवय झालेली — अलीकडे वयामुळे मला ऐकू येत नाही असं समजून आत मोकळं बोलायचे. आज मशीनमुळे शब्द न् शब्द कळत होता. ती म्हणाली, ‘त्यांचे कान वयानं गेले, तुझा हात तुझ्या तोंडानं गेला.’

आणि हरेश हळूच म्हणाला, ‘सुनंदा, स्वप्नात मी दरवेळी थांबाच बोलतो. दरवेळी. मला आठवतं तेही थांबाच.’

‘मग तेव्हा सांगितलं का नाहीस?’

‘चीफ खोटं कशाला बोलतील?’

इतकी वर्षं माझ्याकडे एक पळवाट होती. कोण जाणे, तो खरंच ‘बाहेर’ म्हणाला असेल — असं मी स्वतःला सांगत आलो होतो. त्या दुपारी, त्या ओसरीवर, तीही गेली.

तो डाव्या हातात ट्रे धरून बाहेर आला. ‘साखर बरोबर आहे ना, चीफ?’

मी म्हटलं, ‘बरोबर आहे.’ चहा संपवला. सुनंदाला हाक मारून निरोप घेतला आणि घरी आलो.

त्याला तीन महिने झाले. मी पुन्हा गेलेलो नाही. हरेश रविवारी फोन करतो, मशीन जमतंय का विचारतो. मी जमतंय म्हणतो. बाकी काही सांगत नाही.