चाड्याचा काठ

आज पुण्याच्या कारखान्यात शिसवीच्या फळीवर रंधा फिरवला आणि तिचा गोडसर वास आला तसा हात थांबला. भाजी कापायचे नक्षीदार पाट करतो आम्ही, काळी शिसव आणि पिवळा हळदू पट्ट्यापट्ट्यांनी जोडून.

असा पहिला पाट मी केनवडला, घराच्या अंगणात केला. नववीतून शाळा सोडली होती, आणि हातचं काम दाखवल्याशिवाय इथले मालक ठेवून घेणार नव्हते. हळदू गावच्या सुतारानं दिला. शिसव कुठून आणू? माळ्यावर तिफणीचं चाडं होतं, पेरताना हातानं बी सोडायचं लाकडी वाडगं. पेरणी आता ट्रॅक्टरनं होत होती, म्हणून विचारावंसंही वाटलं नाही.

आई वावरातून आली तेव्हा पाट शिकंज्यात आवळलेला होता. तिनं काळ्या पट्ट्या ओळखल्या.

“माहं चाडं फाडलं का तुनं?”

“पडूनच होतं ना, माय.”

“पडून त मीबी राह्यते दुपारची. मलेबी फाड मंग!”

मग ती खाली बसली. “माही मूठ टेकून टेकून काठ गुळगुळीत झाला होता. तो कोणता यातला?”

काठ वाकडा, म्हणून तो मी आधीच कापला होता, आणि सकाळी आंघोळीच्या पाण्याखाली जाळलाही होता.

“हा,” मी मधली पट्टी दाखवली.

“मंग बरं,” म्हणत ती त्या पट्टीवरून कितीतरी वेळ बोटं फिरवत राहिली.

तो पाट पाहूनच मला इथं ठेवून घेतलं. आई अजून गावभर सांगते, “माह्या मुठीनं पोराले काम लावलं.” मलाही फोनवर तेच सांगते, आणि मी हो म्हणतो.