एकट्या पोरींच्या आया

पहिलं महायुद्ध संपल्यानंतरची ती वर्षं. मी दहा-अकरा वर्षांची होते आणि आईबरोबर धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायची. सकाळी देवपुरातून पांझरा नदी ओलांडायची आणि दिवसभर कापसातली कवडी, म्हणजे पिवळा पडलेला वाईट कापूस, वेचत बसायचं. तपासणीचा साहेब येणार असला, की मुकादम आम्हा पोरींना मागच्या दाराने नाल्याकडे पिटाळायचा. साहेब गेला की पुन्हा आत.

त्या हंगामात पिंपळनेरकडून मजुरांची टोळी आली. तिच्यात माझ्याच वयाची एक भिल्लाची पोर होती. आई मेलेली, बापाने टोळीवाल्याच्या हवाली केलेली. आमची बोली तिला अर्धीमुर्धीच कळायची, पण हसायची फार. केसांना कापसाची रुई चिकटली की वाकून म्हातारीचं सोंग करायची.

रुई तुडवायला मुकादम पोरींना कोठारात बोलवायचा. ज्यांच्या आया कामावर असत, त्यांना चौघी-पाचजणींना मिळून. हिला मात्र एकटीला. एका दुपारी ती कोठारातून आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी भाकरी पुढे केली, तिने घेतली नाही. आईने मला लांब पाठवलं आणि तिच्याजवळ बसली. परत आल्यावर ती मला एवढंच म्हणाली, की हिचा हात सोडायचा नाही. काय झालं होतं ते मला मोठेपणी कळलं.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने पुन्हा तिला हाक मारली. आई उठून उभी राहिली.

"इले एकलीले धाडाव नही, भाऊ. बलावशात ते आम्ही बठ्ठ्या येसूत."

"तू इनी कोन?"

"हाई मनी पोर शे."

एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. मग तिच्यामागची, मग सगळी रांग, खरोखरच बठ्ठ्या. मुकादम निघून गेला. संध्याकाळी आईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं.

आईने पोरीला घरी आणलं. वडील घाबरले; टोळीवाला मालकाच्या मर्जीतला माणूस होता. आई चौकीवर जाऊन आली. तिथल्या शिपायाने विचारलं, डोळ्यांनी कोणी पाहिलं का? पाहिलं कोणीच नव्हतं. टोळीवाला दारात आला तेव्हा आईने बजावलं, की पोर देईन तर तिच्या बापालाच देईन.

काही दिवसांनी बाप आला. आईने त्याला अंगणात नेऊन सगळं सांगितलं. "पोरना काही दोष नही," आई म्हणाली, "तिले मारू नको." त्याने मान डोलावली. जाताना पोर बापापासूनही दोन हात अंतर ठेवून चालत होती.

मुकादम पुढेही बरीच वर्षं तिथेच राहिला. आई लोकांच्या शेतात निंदायला जाऊ लागली. जिनिंगमधल्या बायकांनी मात्र एक रीत पाडली. टोळीबरोबर एकटी पोर आली, की पहिल्याच दिवशी त्यांच्यातली एक तिची आई व्हायची आणि तसं मुकादमाला ऐकू जाईल असं सांगायची. त्यामुळे पुष्कळ पोरी वाचल्या. सगळ्या नाही.

पिंपळनेरकडचं कोणी बाजारात भेटलं, की आई त्या पोरीची चौकशी करायची. कोणाला काही ठाऊक नसायचं.