लेकीच्या नडग्यांवरच्या गाठी

कापूर घातलेल्या गरम खोबरेल तेलाचा वास आला, की मला लेकीच्या नडग्या आठवतात. ती शाळेत होती, आम्ही कानडी मुलखात, जयनगरला राहत होतो, आणि एका सकाळी तिच्या दोन्ही नडग्यांवर लालबुंद गाठी उठल्या. मी घरचा वैद्य. "डास गं, दुसरं काय!" म्हणत तेल चोळायला बसलो, तर ती किंचाळलीच, "बाबा, हात नका ना लावू!" तिथल्या, मूळच्या बेळगावकडच्या डॉक्टरबाईंनी गाठी हलकेच चाचपून विचारलं, "मध्ये घसा दुखला होता का हो?" दुखला होता, आम्ही गुळण्यांवर भागवलं होतं. "सरी," म्हणजे 'बरं', "बहुतेक त्यानंच. घसा तपासू. पण क्षयाचीही चाचणी करून घेऊ," त्या म्हणाल्या. चाचणीसाठी हातावर टोचलेली जागा सुजली तर क्षयाचा संशय, म्हणून ती मी कधी चष्मा लावून, कधी काढून बघत राहिलो. "बाबा, तुमच्या बघण्यानंच सुजेल हं ती," लेक म्हणाली. नाही सुजली. निघाला तो घशातलाच संसर्ग. त्याचं औषध, दुखण्यावरची गोळी आणि उशीवर पाय ठेवून विश्रांती, एवढ्यावर गाठी जांभळ्या, मग पिवळसर होत विरून गेल्या. आता माझे गुडघे धरतात तेव्हा तीच तेल गरम करून आणते, आणि हात लावण्याआधी गंभीरपणे विचारते, "बाबा, घसा बरा आहे ना?"