छातीचे फोटो काढणारा माणूस

नारायण टाकळकरांनी तेहतीस वर्षं सरकारी नोकरीत एक्स-रे काढले. हातापायांचे काढले, कमरेचे काढले, पण त्यांचा खरा जीव छातीच्या फोटोंवर. ‘मोडलेलं हाड कुणालाही दिसतं,’ ते म्हणायचे, ‘छाती बघायला नजर लागते.’ नोकरीत जिल्ह्यातले चार तालुके फिरून झाले, बिऱ्हाड मात्र नेवाशातच राहिलं. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं, बोटांना कायम औषधी पाण्याचा आंबूस वास. ‘मोठ्ठा श्वास घ्या... धरा... हलू नका... सोडा’ हे त्यांच्या तोंडात इतकं बसलेलं, की घरात कुणी शिंकायच्या बेतात असलं तरी ते ‘धरा’ म्हणायचे.

अंबिका ही त्यांची एकुलती एक मुलगी. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांचा डबा घेऊन ती दवाखान्यात जायची आणि डार्करूममध्ये लाल दिव्याखाली उभी राहायची. ट्रेमधल्या पाण्यात काळ्या फिल्मवर हळूहळू फासळ्या उमटायच्या, मग हृदयाची बाजू, मग खालचा पडदा.

‘बाबा, हे पांढरं काय आहे?’

‘मला काय विचारतेस? आपण फक्त काढायचा. वाचायचा डॉक्टरांनी.’

हे त्यांचं उत्तर ठरलेलं होतं आणि ते पुरतं खरं नव्हतं. टाकळकरांना फोटो वाचता येतो हे दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. नवा डॉक्टर बदलून आला की महिन्याभरात दाराशी येऊन हळूच विचारायचा, ‘टाकळकर, तुमच्या नजरेला काय वाटतंय?’ ते म्हणायचे, ‘साहेब, तुम्हीच बघा.’ आणि बोलता बोलता रुमालानं फिल्मचा एक कोपरा पुसायचे. डॉक्टर हुशार असला तर नेमका तोच कोपरा बघायचा.

पण एकदा समोरचा डॉक्टर घाईत होता. गोष्ट चौऱ्याण्णव सालची. गाव कुठलं हे टाकळकर कधीच सांगत नाहीत. पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका बाईंचा फोटो त्यांनी काढला. उजव्या फुप्फुसात वरच्या अंगाला सुपारीएवढी गाठ, कडा काटेरी. टीबीचे डाग त्यांनी हजारांनी पाहिले होते. हा तसला नव्हता. डॉक्टरांनी मात्र टीबीच्या गोळ्या लिहिल्या. टाकळकर फिल्म हातात घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेले. बाहेर चाळीस माणसांची रांग होती. आपण कोण, फोटो काढणारे, असं मनात आलं आणि ते परत फिरले.

अकरा महिन्यांनी त्या बाई पुन्हा आल्या. अर्धी छाती पांढरी झाली होती.

त्या दिवशी टाकळकर घरी येऊन हातातला डबाही न ठेवता ओट्यावर बसले. बायको, रोहिणी, माहेरी गेलेली. बारा वर्षांच्या अंबिकेनं विचारलं, तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. सांगायला दुसरं कुणी घरात नव्हतं, एवढंच त्यामागचं कारण. पोर ऐकून घेऊन खेळायला गेली. ती विसरली असेल असं त्यांनी धरून चाललं.

पुढे अंबिका डॉक्टर झाली, आणखी शिकली, आणि एक दिवस मुंबईहून फोन आला. ‘बाबा, माझं ठरलं. कॅन्सर. त्यातही फुप्फुसाचाच.’

टाकळकरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्यांना वाटलं होतं, मुलगी बाळंतपणं करील, नाहीतर लहान मुलांना तपासेल.

‘अगं, बाळंतपणाच्या डॉक्टरला लोक पेढे आणून देतात. तुझ्याकडे कोण काय आणणार?’

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘त्या गिरणीवाल्या बाईंकडे कुणीतरी नीट बघायला हवं होतं ना?’

टाकळकरांनी फोन ठेवला. अंगणात जाऊन जास्वंदीला पाणी घातलं. सकाळीच घातलं होतं, तरी पुन्हा घातलं.

आज अंबिका त्रेचाळीस वर्षांची आहे. नगरमध्ये सावेडीला तिचा दवाखाना आहे, नवरा अनीश इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, मुलगी ईरा नववीत आहे. अंबिकेच्या अभ्यासाचे विषय दोन, आणि दोन्ही टाकळकरांना पाठ आहेत. पहिला, जन्मात बिडी-सिगारेटला हात न लावलेल्या बायकांना होणारा फुप्फुसाचा कॅन्सर. दुसरा, टीबी समजून महिनोन्‌महिने अंगावर काढलेला कॅन्सर. पहिल्या विषयासाठी ती पेशंट बायकांना नणंदेनं विचारावं तसं विचारते: चूल किती वर्षं फुंकली, सरपण कसलं, भिंतीला धुराडं होतं का, शेजारी कोण तंबाखू ओढायचं. चुलीचा धूर हे कारणांतलं एक असू शकतं, सगळं अजून कुणालाच उमगलेलं नाही, हेही ती स्पष्ट सांगते. यावर ती दिल्लीला बोलून आली, एकदा परदेशातही. टाकळकरांनी ते सगळं समजून घेतलं आणि गावभर समजावलं.

‘भाजी आणायला पाठवलं तर भाजीवाल्याला जनुकं शिकवून येतात,’ रोहिणीबाई म्हणायच्या. ‘मेथी मात्र विसरतात.’

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अंबिका नेवाशाला येऊन फुकट तपासणी करते. सत्तरीतल्या टाकळकरांचं काम ठरलेलं: आलेल्यांच्या पिशव्यांतून फिल्म काढायच्या आणि तारखेप्रमाणे लावून आत द्यायच्या.

दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी गोरक्ष नावाचा शेतकरी आईला घेऊन आला. चांगुणाबाई साठीच्या, अंगानं काटक, खोकल्यानं बेजार. सात महिने टीबीच्या गोळ्या चालू होत्या. पिशवीत तीन फिल्म होत्या, तिन्ही गुंडाळून रबर लावलेल्या.

‘थुंकी तपासली होती का?’ टाकळकरांनी विचारलं.

‘तीन डाव तपासली. काय न्हाई निघालं,’ गोरक्ष म्हणाला. ‘तरी गोळ्या चालूच हायेत, काका. आई निम्मी झाली.’

टाकळकरांनी तिन्ही फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवल्या. डाव्या बाजूला, हृदयाच्या कडेशी, सहज नजर चुकेल अशा जागी एक सावली होती. पहिल्या फिल्ममध्ये बोराएवढी, दुसरीत लिंबाएवढी, तिसरीत त्याहून मोठी. गोळ्या सात महिने पोटात गेल्या आणि सावली आपली वाढतच होती.

ते फिल्म घेऊन आतल्या खोलीच्या दाराशी गेले. आत अंबिका एका म्हाताऱ्यांना तपासत होती. बाहेर रांग होती. टाकळकर क्षणभर थांबले आणि मग दार ढकलून सरळ आत गेले.

‘अंबू, या तिन्ही एका रांगेत बघ. आत्ता बघ. हा टीबी नाही.’

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. वडिलांच्या तोंडून एखाद्या फोटोबद्दल असं ठाम वाक्य तिनं आयुष्यात प्रथमच ऐकलं होतं. तिनं फिल्म दिव्याच्या व्ह्यू बॉक्सवर लावल्या, एक बोट सावलीवर ठेवलं आणि म्हणाली, ‘बाबा, त्यांना आत घ्या.’

सीटी स्कॅन झालं, बायोप्सी झाली. कॅन्सरच होता, आणि फुप्फुसाच्या आवरणापर्यंत गेला होता. अंबिकेनं दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं.

‘पर म्या कदी बिडी वढली न्हाई, बाई,’ चांगुणाबाई म्हणाल्या. ‘आमच्या मालकानं जल्मभर वढली, त्ये चांगले धडधाकट हायेत.’

‘तुमची काही चूक नाही, मावशी. चूक शोधायचीच नाही. आता मी सांगते तसं करायचं.’

गाठीच्या तुकड्याची जनुकांची तपासणी झाली आणि त्यात अंबिकेला हवा होता तोच जनुकातला बदल निघाला. या जातीच्या कॅन्सरवर रोज एक गोळी चालते. आजार मुळातून जाईल असं तिनं सांगितलं नाही. ‘त्याला दाबून ठेवू, आणि तुम्हाला उभं करू,’ एवढंच म्हणाली. दोन महिन्यांत खोकला थांबला. तिसऱ्या महिन्यात चांगुणाबाई बांधावर बसून मजुरांना ओरडायला लागल्या. गोरक्षनं फोन करून तक्रार केली, ‘मॅडम, आवाज जरा जास्तच सुदारलाय.’ आज दोन वर्षं झाली, बाई हिंडत्याफिरत्या आहेत.

गेल्या वर्षी नगरला जिल्ह्यातल्या फॅमिली डॉक्टरांची एक सभा भरली. शेवगाव, पाथर्डी, जामखेड, खर्ड्यापर्यंतचे डॉक्टर आले होते. अंबिकेचं भाषण होतं, टीबीच्या गोळ्यांनी न हटणाऱ्या सावलीवर. टाकळकर इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले. शेजारी रोहिणीबाई.

‘टाळ्या आधी वाजवू नका,’ रोहिणीबाईंनी त्यांना बजावलं. ‘लोकांनी सुरू केल्यावर वाजवा.’

अंबिका बोलू लागली. डॉक्टरांना दोष न देता, सोप्या मराठीत. टाकळकरांचा ऊर भरून आला. ही हातवारे करून बोलणारी, दोनशे डॉक्टरांना गप्प बसवणारी बाई आपल्या डार्करूममध्ये टाचा उंचावून ट्रेमध्ये बघायची, हे कुणाला तरी सांगावं असं त्यांना फार वाटलं. तेवढ्यात पडद्यावर चांगुणाबाईंचे तीन फोटो आले आणि टाकळकर ताडकन उभे राहिले.

‘डॉक्टर! दुसरी फिल्म उलटी लागलीय!’

सगळ्या सभागृहानं मागं वळून पाहिलं. रोहिणीबाईंनी शर्ट धरून खाली ओढायचा प्रयत्न केला.

‘हृदय उजवीकडे गेलंय बघा,’ टाकळकर म्हणाले. आता थांबणं शक्यच नव्हतं. ‘सावली डावीकडे होती. मी स्वतः लावल्या होत्या.’

अंबिकेनं पडद्याकडे पाहिलं. खरोखरच फिल्म उलटी होती. दोनशे डॉक्टरांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. ती खळखळून हसली, आणि तिच्याबरोबर सगळे हसले. हशा ओसरल्यावर ती माईक जवळ घेऊन म्हणाली, ‘हे नारायण टाकळकर. तेहतीस वर्षं या जिल्ह्यात एक्स-रे टेक्निशियन होते. या पेशंटचं निदान पहिल्यांदा त्यांनी केलं, मी नंतर. आणि ते माझे वडील आहेत. बाबा, पुढे या.’

टाकळकर पुढे गेले. पाय कसे उचलले ते त्यांना आजही आठवत नाही.

पाथर्डीचे डॉक्टर सहादेव गर्जे, पंच्याहत्तरीचे, पहिल्या रांगेतून म्हणाले, ‘टाकळकर, इतकी वर्षं आमच्या चुका तुम्हाला दिसत असतील की. कधी बोलला नाहीत?’

प्रश्न सरळ होता. टाकळकरांनी माईक दोन्ही हातांनी धरला.

‘एकदा दिसली होती, साहेब. नाही बोललो.’ आणि त्यांनी गिरणीवाल्या बाईंची गोष्ट सांगितली. कुणाचं नाव घेतलं नाही. स्वतःचं मात्र घेतलं. ‘डॉक्टरांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. तुमच्याकडे फोटो काढणारा माणूस असेल, बाई असेल, तर त्यांना विचारत जा. ते आपणहून नाही बोलायचे. आमची सवयच नसते.’

मग डॉक्टर गर्जे उठले आणि त्यांनी टाळी वाजवली. शेवटच्या रांगेत रोहिणीबाईंनी सगळ्यांच्या आधी वाजवायला सुरुवात केली होती, पण ते कुणाला कळलं नाही.

जेवणाच्या वेळी चार-पाच डॉक्टरांनी टाकळकरांना घेरलं. आमच्या टेक्निशियनला जरा शिकवाल का, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून दर मंगळवारी टाकळकर डबा घेऊन एसटीत बसतात. पेशंटला नीट उभं कसं करायचं, डाव्या-उजव्याची खूण कशी विसरायची नाही, जुनी फिल्म कशी मागून घ्यायची, हे शिकवतात. मशीन आता संगणकाची झाली, ती त्यांना पुरती कळत नाहीत, आणि ते तसं कबूल करतात. पण छाती तीच आहे. शेवटी ते सांगतात, ‘दिसलं तर बोला. घाबरत घाबरत बोललं तरी चालेल.’

मागच्या महिन्यात जामखेडहून पंकजाचा फोन आला. पंकजा ही त्यांच्या मंगळवारच्या शिकवणीतली, तिथल्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढते.

‘सर, मी बोलले डॉक्टरांशी. एका बाईंच्या फोटोत छोटासा डाग होता, गुडघ्याच्या ऑपरेशनआधी सहज काढला होता. डॉक्टरांनी ऐकलं, सर. चिठ्ठी देऊन सावेडीला पाठवलंय.’

टाकळकरांनी अंबिकेला लगेच फोन करायचा नाही असं ठरवलं. पेशंटचं गुपित असतं, आपण चौकशी करणं बरं नाही. हा निश्चय जेमतेम चार दिवस टिकला.

‘अंबू, जामखेडच्या कुणी बाई आल्या होत्या का गं? नाव नको सांगूस.’

पलीकडे अंबिका हसली.

‘आल्या होत्या, बाबा. गाठ लहान आहे, कुठेही पसरलेली नाही. गुरुवारी ऑपरेशन आहे. वेळेत आल्या.’

‘बरं,’ टाकळकर म्हणाले. मग त्यांनी फोन ठेवला.

रोहिणीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, ‘काय म्हणाली?’

टाकळकरांनी सगळं सांगितलं. जेवताना त्यांनी ते पुन्हा सांगितलं, आणि रोहिणीबाईंनी दुसऱ्यांदाही पूर्ण ऐकून घेतलं.