नवाबाच्या बागेत एक बादली

माझं आयुष्य बदललं मंगळवारी सकाळी, परभणी बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर. जिच्याशी लग्नाचं मी मनात धरलं होतं ती ज्योती म्हणाली, "रविवारी मला बघायला येणारेत. झरीच्या पुढं ती नवाबाची बाग हाय ना, तिथं. तू तेवढं येऊ नको."

'येऊ नको' म्हटल्यावर जो घरी बसतो तो इंजिनीअर होतो. मी दुसऱ्याच वर्षी कॉलेज सोडलंय. रविवारी सातलाच गाडीला किक मारली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: झरीपर्यंत रस्ता बरा, म्हणजे खड्डे ओळखीचे आहेत. झरीत गरम सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमा, खा, वीस रुपये प्लेट, मिरची जपून. पुढं चिंचांची दुतर्फा रांग दिसली की डावीकडं वळा.

फाटकावर फलक आहे, 'ऐतिहासिक शाही उद्यान'. कारंजं शाहीच आहे, त्यात शेळी बसते. बारादरीत, म्हणजे बारा कमानींच्या मंडपात, नवाब शिकारीहून येऊन विसावायचा म्हणतात. आता तिथं लग्नं जमवतात. शिकार चालूच आहे, फक्त हरणाला साडी नेसवून आणतात.

फाटकाशी म्हातारे माळी, अन्वरचाचा. मी पाकीट काढलं.

"तिकीट नक्को बेटा. एक बादली पानी. बावडी से लो, झाड को डालो, फिर घूमो."

नियम नवाबाच्या काळापासूनचा, असं चाचा म्हणतात. मला वाटतं, त्यांची कंबर धरली तेव्हापासूनचा. विहिरीतून दोरानं एक बादली शेंदून घेतली.

खरं सांगतो, चिंचांखालची ती पायवाट सुंदर आहे. ऊन चाळणीतून पडावं तसं पडतं. अर्ध्या वाटेवर मी रागच विसरलो होतो. मग ते दोघं दिसले. मोठी माणसं बारादरीत, आणि 'पाच मिनिटं बोला' म्हणून सोडलेले हे दोघं एकेक बादली घेऊन. पोरगा ताडकळसचा मास्तर. इस्त्री मोडू नये म्हणून बादली हातभर लांब धरलेली. तो काहीतरी बोलला आणि ज्योती हसली. हसली! मी तिच्याकडं बघतच माझी बादली समोरच्या झाडाला उपडी केली.

"अरे बेटा," मागून चाचा ओरडले, "वो झाड तो परसाल ही मर गया!"

अख्खी बारादरी वळली. ज्योतीचे मामा उठले.

"कोन रं तू?"

"प्रवासी."

"मग प्रवास कर की! हितं काय तुला रोवलाय?"

ज्योती बादली घेऊन शेजारच्या झाडाशी आली. पाणी ओतता ओतता, वर न बघता म्हणाली, "मी न्हाईच म्हणणार होते. मला बीएड करायचंय म्हणून. आता सगळे म्हणतील, ह्याच्यामुळं."

"मग मी मामांना सांगतो ना..."

"तू काई सांगू नको. मास्तरनं निदान विचारलं तरी, पुढं शिकायचंय का म्हणून. तू कधी विचारलंस? जा आता."

परतीचा रस्ता कसा होता ते विचारू नका.

घरी आई दुपारची झोपली होती. बागेतून माझ्यासोबत आला तो तळहातावरचा दोराचा वळ. तीनला ज्योतीचा मेसेज आला: 'न्हाई म्हणून सांगितलं. माझ्या तोंडानं सांगितलं. मामा बोलायला तयार न्हाईत. तू घराकडं येऊ नको.'

वाचेपर्यंत गाडीची किल्ली माझ्या हातात होती. मेसेज परत वाचला. किल्ली खिळ्याला अडकवली, चपला घातल्या, आणि तिच्या गल्लीच्या उलट्या दिशेला पायी जायला बाहेर पडलो. दार आपटणार होतो. आई झोपली होती म्हणून हळूच ओढून घेतलं.