हिरवीच राहिलेली चौकट

मधल्या सुट्टीत मी वर्गातच बसून मोबाइलवर मुलांची प्रगती भरत होते. ॲपमध्ये प्रत्येक मुलापुढे चौकटी असतात. जे जमलं त्याची हिरवी, जे राहिलं त्याची लाल. तिसरीतल्या जाईची ‘स्वतःचे अनुभव सांगते’ ही चौकट दिवाळीआधीच हिरवी झाली होती. तेव्हा ती बोलायला लागली की तिला थांबवावं लागायचं. मग तिची आई वारली आणि जाई बोलेनाशी झाली.

ती चौकट मी लाल करायला गेले. होईना.

शेजारच्या वर्गाचे सर आत आले होते, ते माझ्या मोबाइलमध्ये डोकावून म्हणाले, “बाई, एकदा हिरवी केली की ती मागे जात नाही.”

मला रागच आला. मूल काय नुसतं पुढंच चालत असतं? घरातलं माणूस गेलं की मोठ्यांचीही वाचा बसते.

समोर जाई एकटीच डबा उघडून बसली होती. डब्यात बाबांनी थापलेली जाड, करपलेली भाकरी होती. असू दे हिरवी, मला वाटलं. सांगणं तिच्यात आहेच कुठंतरी. मी माझा डबा घेऊन, काही न विचारता तिच्याजवळ बसले.

थोड्या वेळानं तिनं त्या भाकरीचा तुकडा मोडून माझ्या डब्यात ठेवला.